मशीननं कोरलेलं 'हाय'

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. इथले भुताखेतांचे अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि बहुतेक वेळा मनात "आधी वायरिंग तपासा" म्हणून पुढे जाते. आता माझ्यावरच लिहायची पाळी आलीय... हसायचं तर हसा. मला हे कुठंतरी बोलून टाकायचंय, आणि घरात बोलायची सोय नाही.

बारामतीत भिगवण रस्त्याला आमचा छोटा गाळा आहे. आमचा म्हणजे माझा आणि इरफानचा. इरफान माझा भागीदार, पुण्यात वाढलेला, कामाला वाघ, तोंडाला कुलूप नाही. शेतीच्या मोटरींना लागणारे इलेक्ट्रॉनिक डबे आम्ही बनवतो. त्यातले सर्किट बोर्ड बाहेरून येतात, पण नवीन काही करून बघायचं असेल तर पहिला बोर्ड आम्ही गाळ्यातच खोदतो — कॉम्प्युटरवर चालणाऱ्या छोट्या राउटरवर, म्हणजे कोरायच्या मशीनवर. फायबरच्या पाटीवर तांब्याचा पातळ थर असतो. मशीनची टोकदार बिट तो हवा तिथे खरवडते आणि उरलेल्या तांब्याच्या रेघांतून करंट जातो. मशीन फाईलमध्ये असेल तेवढंच करतं. एक रेघ जास्त नाही, एक कमी नाही. म्हणून मला ते बऱ्याच माणसांपेक्षा आवडतं.

एक भानगड मात्र सांभाळावी लागते. तांबं पाटीच्या खालच्या अंगाला राहतं आणि पार्ट वरून बसतात, म्हणून खोदताना सगळं आरशातल्यासारखं उलटं खोदायचं. 'मिरर' करायला विसरलात की बोर्ड कचऱ्यात. इरफान विसरला तर आम्ही त्याला चूक म्हणतो. मी विसरले तर ट्रायल.

आता माझ्या भावाचं.

माझं माहेर इंदापूरच्या पुढे, उजनीच्या बॅकवॉटरच्या काठाला. उन्हाळ्यात तिथलं पाणी मागं सरकत जातं आणि मोटर त्याच्या पाठी न्यावी लागते. केबल वाढवायची, जॉइंट मारायचा, टेप गुंडाळायची, सगळे हेच करतात. गेल्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ संतोष असाच खाली पाण्याशी होता. वर चढावर मीटरच्या पेटीपाशी तात्या, म्हणजे आमचे वडील. लाईट गेलेली होती. स्टार्टर बिघडला म्हणून केबल तात्पुरती थेट जोडलेली. आणि वारा सुटला होता.

संतोष निष्काळजी नव्हता. हे मला इथं लिहायचंच आहे. वायरीला हात लावायच्या आधी त्यानं ओरडून विचारलं, "लाईट बंद हाय का?"

पहिले दोन शब्द वाऱ्यानं नेले. तात्यांपर्यंत पोचलं ते नुसतं "हाय का?" लाईट तेवढ्यात परत आलेली, पेटीवरचा दिवा लागलेला. पोरगं लाईटचीच वाट बघतंय असं समजून तात्यांनी खुशीत हाक दिली, "हाय!"

संतोषनं वायर धरली.

शेजारच्या रानात बायका भेंडी तोडत होत्या. त्यांनी दोन्ही हाका ऐकल्या होत्या, म्हणून हे सगळ्यांना कळलं. पोरानं खरं काय विचारलं होतं हे तात्यांनाही त्यांच्याकडूनच कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

तेव्हापासून तात्यांनी तो शब्द टाकला. आमच्याकडच्या माणसाच्या बोलण्यात 'हाय' किती वेळा येतं, मोजून बघा. बरं हाय, घरात हाय, पानी हाय... तात्या तिथं आले की थांबायचे. मान हलवायचे, बोट दाखवायचे. एकदा पारावर चुकून "आहे" म्हणाले, तर कुणीतरी म्हणालं, "तात्या, सायेब झालासा की!" त्यानंतर ते पारावरही जाईनात. आई फोनवर रडायची. "तुझा बाप रस्त्यातला खड्डा चुकवल्यावानी बोलतोय गं. जेवाय बसतोय आन् ताट सारतोय. असंच चाललं तर ह्यो माणूस पावसाळा बघायचा न्हाय."

मी काय करणार? मला जे येतं ते करायला घेतलं. मोटरीपाशी लावायचा एक छोटा डबा — लाईट असली की लाल दिवा. पाण्याशी उभ्या माणसानं वर ओरडून विचारायलाच नको. त्याचा पहिला बोर्ड मी मशीनवर चढवला आणि दुसऱ्या कामाला लागले.

बोर्ड काढून धूळ पुसली, तर मोकळ्या कोपऱ्यात काही बारीक रेघा जास्तीच्या. मला वाटलं बिट घसरली असेल. इरफाननं पाटी घेतली, उलटी करून ट्यूबलाईटसमोर धरली आणि हसत सुटला. "ताई, मशीन हाय-हॅलो करायला लागलं!"

पाटी पातळ, उजेड आरपार येतो. मागून बघितल्यावर सरळ वाचता येत होतं. हाय.

मी इरफानला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मला वाटलं यानं चेष्टा केली. बिचारा आईची शपथ घेऊ लागला. त्याला माझा भाऊ गेल्याचं माहीत होतं, कसा गेला ते मी सांगितलं नव्हतं. मी फाईल उघडून ओळ न् ओळ तपासली. त्या कोपऱ्यात काहीही नव्हतं. शिवाय आमच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरं टाकली की काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे... इतकं नीट 'हाय', तेही बरोबर मिरर करून? मला स्वतःला जमलं नसतं.

फाईल नव्यानं बनवली, नेट काढून टाकलं, नवी पाटी लावली आणि मशीनसमोर स्टूल टाकून बसले. काम संपलं. बिट वर उचलली जायला हवी होती. ती सरकत कोपऱ्यात गेली आणि सावकाश खाली टेकली. मी लाल बटन दाबलं तोवर शब्द पुरा झाला होता. मला घाम फुटला, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्या खाली थोडा आनंदही होता. मला वाटलं, तो म्हणतोय — मी हाय.

तात्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं. पण पुढच्याच आठवड्यात ते डोळे दाखवायला बारामतीत आले. मोतीबिंदू पिकलेला, त्यात दवाखान्यात थेंब घातलेले, समोरचं सगळं धुरकट. मी त्यांना गाळ्यावर बसवलं आणि चहा सांगायला बाहेर गेले. परत येते तो इरफान कौतुकानं सांगत होता, "तात्या, आमचं मशीन आपोआप हाय लिहितंय, बघा!"

तात्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मी इरफानला चहाच्या निमित्तानं बाहेर काढलं आणि म्हणाले, "तात्या, तसलं कायबी मनात आणू नका. मशीन बिघडलंय."

"बिघडलं न्हाय," तात्या म्हणाले. "मी त्याला दिलं व्हतं, ते परत धाडलंय त्यानं."

"तसं न्हाय ओ. त्यो म्हनतोय, मी हाय. हितंच हाय. असं धरा की."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मशीनच्या दिशेनं काठी दाखवली. मग म्हणाले, "चालू कर. मला त्याला इचारायचंय."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण आई म्हणाली होती ते डोक्यात होतं, आणि इतक्या महिन्यांत तात्यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. कोरी पाटी लावली. फाईलमध्ये फक्त एक चौकोन. मशीन सुरू केलं, मोटरीची शीळ गाळाभर झाली. चौकोन पुरा होत आला तसे तात्या काठी टेकत पुढं झाले, वाकले, आणि त्या आवाजात ओरडले. आवाज फाटला त्यांचा.

"संतोष... राग हाय का रं, बाळा?"

तो शब्द त्यांच्या तोंडून मी किती दिवसांनी ऐकत होते. बिट चौकोनाच्या आत सरकली.

मी मशीन बंद केलं नाही, हात पुढं गेलाच नाही. बिट वर आल्यावर पाटी सोडवली आणि ट्यूबलाईटसमोर धरली. मोटर अजून फिरतच होती.

हाय.

आता तुम्हीच सांगा. राग हाय का, तर हाय? की त्या शीळेत पहिला शब्द त्याच्यापर्यंत गेलाच नाही, त्याला नुसतं "हाय का रं, बाळा?" ऐकू आलं आणि त्यानं हाकेला ओ दिली? मी त्या रेघांकडे बघत होते आणि मला कळत नव्हतं. आजही कळत नाही.

"काय आलंय?" तात्यांनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं. डोळ्यांतून थेंबांचं पाणी वाहत होतं, की रडत होते, देव जाणे.

मी मशीन बंद केलं. सगळं शांत होऊ दिलं, म्हणजे ऐकण्यात चूक व्हायला नको. मग त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "न्हाय."

"न्हाय?"

"न्हाय आलंय, तात्या. राग न्हाय त्येचा."

ते खालीच बसले. माझा हात धरून पोरासारखे रडले. मग इरफाननं आणलेला चहा त्यांनी प्यायला, बशीत ओतून, पूर्वीसारखा, आणि म्हणाले, "चहा झ्याक हाय."

ती पाटी मी पॉलिश पेपरनं घासून कालव्यात टाकली. त्यानंतर मशीननं कधीच काही लिहिलं नाही. इरफाननं जाणकारांना दाखवलं, केबल बदलल्या, कंट्रोलर बदलला, कुणाला काही सापडलं नाही. माझ्याकडेही स्पष्टीकरण नाही. माझ्या भावाला राग होता की नव्हता, हे मी त्याला न विचारता सांगून बसलेय, आणि तो खरंच तिथं असेल तर त्यानं ते ऐकलंय.

तात्या आता जेवतात, पारावर बसतात. ऑपरेशन झालं, पेपरही वाचतात. आई म्हणते माणूस परत आला. तुमच्यात कुणी इंदापूरकडचं असेल आणि हे वाचून माझे तात्या कोण ते ओळखलं असेल, तर हात जोडून सांगते, हे त्यांना दाखवू नका.