पोलंड, चार घंट्या

ऑपरेटरबाई दर बुधवारी सकाळी अकरा वाजता, चहाचा कप बाजूला सारून, जीव नकोसा झालेल्यांसाठी असलेल्या हेल्पलाइनला फोन लावत आणि पलीकडून कुणी बोललं की सांगत, "मैं ठीक हूँ बेटा, बस देख रही थी उठाते हो कि नहीं." अशा ठिकाणी फोन करून 'मी ठीक आहे' म्हणणाऱ्या माणसावर कुणीच विश्वास ठेवत नाही. एकदा तिथल्या मुलीने त्यांना वीस मिनिटं धरून ठेवलं. एकट्या राहता का, झोप लागते का, जेवण जातं का, असं सगळं विचारलं. बाईंनीही गुडघेदुखीपासून शेजारच्या कुत्र्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. फोन ठेवून मला म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे, भाऊ. मले काही झालं नव्हतं, तरी बरं वाटलं." त्यानंतर मात्र अर्ध्या मिनिटात फोन ठेवायचा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. आपल्यामुळे दुसऱ्या कुणाची लाइन अडायला नको.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात त्यांचं घर आमच्या घरासमोर होतं. मूळच्या भंडाऱ्याच्या, टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. मी सिंचन खात्यातून निवृत्त झालेला. मनाचे आजार ही रिकाम्या लोकांची हौस आहे, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी दिवसभर व्हरांड्यात रिकामा बसून सांगत असे.

हा उद्योग कशासाठी, ते बाईंनी मला एकदाच सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्याच एका गावी, त्या ट्रंककॉल जोडून देत. एका दुपारी एका बाईचा आवाज आला. तिला बहिणीशी बोलायचं होतं. बहिणीकडे कुणी उचलेना. ती म्हणाली, "मग तुम्हीच दोन मिनिटं बोला ना, ताई." मागे कॉलची रांग लागलेली. ऑपरेटरने ग्राहकाशी गप्पा मारायच्या नाहीत, हा नियम. "मी म्हटलं, उद्या लावा. न् लाइन काढली," बाई म्हणाल्या. "तिचा उद्या काही आला नाही. गावात दोन दिवसांनी समजलं." एवढं सांगून त्या उठल्या आणि कुंड्यांना पाणी घालायला लागल्या.

पुढे आमच्याकडची पोरं युरोपात जायला लागली. वारासिवनीच्या एका राइस मिलवाल्याचा मुलगा लॅटव्हियात शिकायला, रामपायलीची एक नर्स जर्मनीत. आमची मुलगी पल्लवी पोलंडला एम.एस. करायला गेली, तेव्हा मी वॉर्डात पेढे वाटले. बाईंनी पेढा घेतला आणि विचारलं, "तिथं पोरीले रडू आलं तर कोनाले फोन लावाचा?"

"रडू कशाला येईल?" मी म्हणालो. "सगळं तर करून दिलंय."

बाईंनी वाद घातला नाही. अख्ख्या युरोपातले असे नंबर जमवायचं त्यांनी मनावर घेतलं आणि इंटरनेट शोधण्याचं काम माझ्यावर टाकलं. मी तासाभरात देशवार यादी छापून आणली आणि कामगिरी फत्ते झाल्याच्या थाटात त्यांच्यापुढे ठेवली. पुढचे दोन महिने बाई ती यादी खोडत होत्या. काही नंबर बंद पडलेले. काही त्या-त्या देशातूनच लागत, आपल्याकडून फोन केला की नुसतं टूं टूं. कुठे पलीकडचा माणूस त्याच्या भाषेत इतक्या मायेने बोलायचा की बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. समजायचं मात्र काहीच नाही. एका ठिकाणी वेळ लिहिली होती, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, शनिवार-रविवार बंद. बाईंनी चष्मा काढला. "मनाचा त्रास काय हापिसात कामाले आहे का भाऊ, नऊले येते न् पाचले जाते?"

शेवटी त्यांनी तोडगा काढला. जो नंबर इथून लागत नाही, तो त्या देशातल्या आपल्या पोराने लावायचा. प्रत्येकाला त्यांचा आवाजी मेसेज जाई, "बेटा, मावशीचं एक काम करजो. हा नंबर लावजो. कोनी उचललं तर इंग्रजी येते का विचारजो. मी फक्त तपासून राह्यली म्हनजो. न् किती घंट्या वाजल्या ते मोजजो." पोरं वैतागत, पण करत. पल्लवीने मला फोन केला. "बाबा, मावशीला समजवा ना. मला काही झालेलं नाही, मी तिथे काय बोलू? कितना अजीब लगता है."

"लाव एकदा," मी म्हणालो. "म्हातारीचं समाधान."

तिने लावला. बाईंनी वहीत टिपलं: पोलंड. चार घंट्या. बाई आहे. इंग्रजी येते. आवाज शांत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात पल्लवी आम्हाला रोज बर्फाचे फोटो पाठवायची आणि मी ते व्हरांड्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. फेब्रुवारीत एका दुपारी ऑपरेटरबाई चप्पल न घालता रस्ता ओलांडून आल्या. मी जेवून नुकताच आडवा झालो होतो. पल्लवीची आई माहेरी गेली होती.

"भाऊ, उठा. पल्लवीले फोन लावाचा आहे."

"काहून? काय झालं?"

"ते ती सांगन. ठीक आहे ती. तिच्या रूमवरची मैत्रीण जवळ बसली आहे. पन आधी इथं बसा."

मग त्यांनी सांगितलं. पल्लवी दोन विषयांत नापास झाली होती, कॉलेजने नाव कमी केलं होतं. चार महिने तिने हे कुणालाच कळू दिलं नव्हतं. त्या सकाळी तिला वाटलं की आता आपण नसलेलंच बरं. तेव्हा तिने तो नंबर लावला. तिथल्या बाई तासभर तिच्याशी बोलल्या. मैत्रिणीला खोलीवर परत बोलावून घ्यायला लावलं. घरच्या कुणाला सांगता येईल का, असंही विचारलं. पल्लवीला आईबाप सुचले नाहीत. समोरची मावशी सुचली.

मी फोन उचलला. बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "आधी मले सांगा, काय बोलसान? मी पल्लवी आहो समजा. बोला."

"अगं, आम्ही तुला काय कमी केलं..."

"कट." त्यांनी हवेतच तार उपटल्यासारखं केलं. "पुन्हा."

"नापास होणं म्हणजे काय मोठी गोष्ट आहे? मी स्वतः मॅट्रिकला..."

"कट. तुमच्या मॅट्रिकचं तिनं काय करावं?"

तिसऱ्यांदा मी कसाबसा म्हणालो, "बोल बाळा, मी ऐकतोय."

"हौ," बाई म्हणाल्या. "आता लावा."

त्या दुपारी मी पाऊण तास फोन कानाला लावून बसलो होतो. माझ्या वाट्याला फार तर दहा वाक्यं आली असतील. सिंचन खात्यातल्या माझ्या एकाही सहकाऱ्याचा यावर विश्वास बसणार नाही.

पल्लवी एप्रिलमध्ये घरी आली. उपचार सुरू झाले, गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घेऊन हिमतीने परत गेली. जाण्याआधी मला म्हणाली, "बाबा, तो नंबर मी आधी एकदा लावला होता, म्हणून त्या दिवशी लावू शकले. अनोळखी असता तर हातच गेला नसता." मला उशिरा का होईना, उजेड पडला. मी बाईंकडे गेलो. "खरं सांगा, पोरं नंबर तपासत होती, की तुम्ही पोरांना तयार करत होतात?"

"लाइन दोन्हीकडून तपासा लागते भाऊ," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या.

नंतर त्यांचे कान गेले. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकणाऱ्या बाईला कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली. भाच्याने त्यांना भंडाऱ्याला नेलं. बसस्टँडवर मी मोठ्याने काहीबाही ओरडत होतो आणि त्या सगळ्याला "हौ, हौ" म्हणत होत्या.

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. बौद्ध रीतीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गोंदियामार्गे भंडाऱ्याला गेलो. भाचा भला माणूस, बँकेत नोकरीला. सगळं नीट केलं होतं. जेवणं झाल्यावर बाईंचा मोबाइल हातात घेऊन तो मला म्हणाला, "काका, हा नंबर कोण्यातरी ठगांच्या हाती लागला वाटते. आत्या गेल्यापासून परदेशातून नुसते फोन. कुठले कुठले कोड. सगळे ब्लॉक करून टाकले."

मी त्याला खाली बसवलं आणि सांगितलं, ही बाईंनी नंबर तपासायला लावलेली पोरं; कान गेल्यावरही जाणारा त्यांचा आवाजी मेसेज थांबला, म्हणून फोन करत असतील. त्याने ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी उघडली.

"आत्या आमच्याशी तर फारसं काही बोलत नव्हती," तो म्हणाला. "आम्हीही विचारलं नाही म्हना."

त्याने एकेक नंबर मोकळा केला आणि सगळ्यात वरचा लावला. पलीकडे एक मुलगी होती, आमच्याच जिल्ह्यातल्या बिरसा गावाकडची, सध्या लिथुआनियात. तिला मीही ओळखत नव्हतो. भाच्याने बातमी सांगितली. ती रडायला लागली आणि हिंदीत भराभर काही सांगू लागली. भाच्याने एक-दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग उठून दार लोटून घेतलं, सतरंजीच्या कडेला बसला आणि ऐकत राहिला.