आधी झाका

"आधी झाका!"

कुणाच्याही घरात पाऊल टाकताच त्यांचं हे पहिलं वाक्य. नमस्कार नंतर. माठ, ताकाचं भांडं, जे उघडं दिसेल त्यावर ते स्वतःच्या हातानं झाकण ठेवत. आमच्या शुक्रवार पेठेचे आरोग्य निरीक्षक. पटकीच्या दिवसांत या सवयीनं माणसं वाचलीही असतील. पण पुढं त्यांच्या डोक्यावरच कुणीतरी झाकण ठेवलं असावं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. समोरची जुनी धर्मशाळा पाडायला काढली. चुन्याच्या धुळीनं माझ्या वडिलांचा, अण्णांचा दमा उसळला. गल्लीनं तक्रार केली. हुकूम सुटला, हवेतली धूळ मोजा. जास्त भरली तर ठेकेदारानं ओली गोणपाटं बांधून, पाणी मारूनच काम करायचं. मोजायचं काम या निरीक्षक साहेबांकडं, आणि साधन म्हणजे पाणी भरून उघड्यावर ठेवायची काचेची बरणी. ती आमच्या गच्चीवर आली. मी ती गल्लीला अशी दाखवत फिरलो, जणू हवेचा शोध मीच लावलाय!

साहेबांनी बरणीत पाणी ओतलं आणि वर पितळी ताटली ठेवली.

"साहेब, धूळ पडायला उघडी नको का?"

"उघडं पाणी? डास अंडी घालतील! तुम्ही काय करता?"

"कापडदुकानात कापड फाडतो."

"मग फाडा की!"

मी निमूट दुकानाला निघालो. बाणेदारपणा आमच्या घरात एकट्या अण्णांकडं होता. आम्ही जिना उतरताच खाटेवरून खोकत ते म्हणाले, "साहेब, बरणी झाकली, आता मलाबी झाका की वरनं!"

साहेब मनापासून हसले.

मी गुपचूप ताटली काढायचो, म्हणून त्यांनी ती सुतळीनं बांधली. दर फेरीला यायचे, सुतळी सोडायचे, ताटलीवरचा धुळीचा थर रुमालानं लख्ख पुसायचे आणि मग आत डोकावायचे. "बघा, पाणी कसं नितळ! हवा उत्तम आहे." इतक्या निगुतीनं पुरावा पुसणारा माणूस मी चोरांतही पाहिला नाही.

समोर कोरडेच घण पडत राहिले. शेवटी अण्णांना टेंभुर्णीला माझ्या बहिणीकडं पोचवलं. फार उशीर झाला होता. तिथंच ते वारले.

धर्मशाळा भुईसपाट झाल्यावर साहेब बरणी न्यायला आले. रिकाम्या खाटेवर बायकोनं चादर घातली होती.

"वा, झाकलंत! शिकलात शेवटी." मग इकडंतिकडं बघत, "अण्णा कुठायत?"

बायकोनं सांगितलं.

ते तसेच गच्चीवर गेले. बऱ्याच वेळानं जिना उतरले, ते रिकाम्या हातांनी. स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं उघडं होतं; त्याकडं पाहून न पाहिल्यासारखं करून निघून गेले. पुन्हा गल्लीत फिरकले नाहीत.

मी वर जाऊन पाहिलं. सुतळी सुटलेली, ताटली बाजूला, बरणी उघडी.

धूळ मात्र केव्हाच खाली बसली होती.