चंद्रीवाचून मेंढरं

सारजाबाईच्या मेंढरांना उन्हाळ्यात चरायला एकच उतार उरला होता, आणि तो लष्कराचा होता. कोळवणच्या अंगाला पुण्याच्या लोकांनी फार्महाऊसं बांधून तारा ओढल्या, तशी एकेक वाट मिटत गेली. छावणीमागचा उतार तेवढा मोकळा. सासऱ्याच्या वेळेपासून मेंढरं तिथं चरत. जवान बघून न बघितल्यासारखं करत.

मग २००९च्या पावसात घाटात दरड आली. विजेचे खांब आडवे झाले, डिझेलची गाडी खालीच अडकली, जनरेटर थंडावला आणि छावणीचा वायरलेस मुका झाला. छावणीच्या साहेबांनी ते फार मनाला लावून घेतलं. दिवाळीनंतर त्याच उतारावर लोखंडी घोडे उभे राहिले, त्यांवर सोलरच्या निळ्या काचा चढल्या आणि भोवती कुंपण आलं. खड्डे खणायला रोजावर सारजाबाईचा नवरा जोतिबाच होता. आपल्याच हातानं आपलं दार लावतुयास, असं ती म्हणाली, तर म्हणे मी न्हाई लावलं तर दुसरा लावंल.

फाल्गुनात मात्र साहेबांचीच अडचण झाली. काचा धुवायच्या पाण्यानं खाली गवत माजलं. त्याची सावली काचेवर पडली की वीज कमी. कापायचं यंत्र लावावं तर खडे उडून काच तडकायची. सुभेदार दयानंद साताऱ्याकडचा, घरी जित्राबं असलेला माणूस. त्यानं साहेबांच्या गळी उतरवलं, की मेंढरं सोडू, गवतही जाईल आणि खर्चही वाचेल. साहेब म्हणाले, एक सकाळ बघू. जमलं तर उन्हाळाभर येऊ देत. फक्त शेळी आत नको.

इथंच सारजाबाई अडली. कळपात पुढं चालायला शेळी असते. मेंढरू आपल्या मनानं पाऊल टाकत नाही. शेळी जाईल तिथं जातं. तिची चंद्री चार वर्षं पुढं चालत आलेली. पण नको म्हणावं तर उन्हाळा हातचा जातो. ती हो म्हणाली.

त्या सकाळी चंद्रीला फाटकाबाहेर बाभळीला बांधलं. फाटक उघडलं. मेंढरं आली, काचांचा निळा लखलखाट बघितला आणि एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहिली. सारजाबाई आत शिरून हाळी देऊ लागली. जोतिबा मागनं रेटू लागला. शेवटी तिनं एक कोकरू उचलून आत नेलं, तशी त्याची आई तेवढी धावली. बाकीची गोल फिरून चंद्रीभोवती जमली. साहेब छत्रीखाली उभे. एकदा घड्याळ बघितलं.

दयानंद जवळ आला. हळूच म्हणाला, "आक्का, काय तरी करा. मी शब्द टाकलाय."

"शेळी सोडा भाऊ. एका दमात आत जात्याल."

"आणि ती काचंवर चढली तर?"

सारजाबाईनं चंद्रीकडं बघितलं. खोटं बोलावं असं जिभेवर आलं होतं. पण घराच्या कौलावर, टेम्पोच्या टपावर, कुटं चढली नव्हती ती?

"चढंल," ती म्हणाली. "शेळीच हाय ती."

दयानंदानं मान हलवली. साहेबांपाशी जाऊन हिंदीत काही बोलला. साहेब रागावले नाहीत. बाईंना चहा द्या म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून माणसं लावून गवत विळ्यानं कापायचं ठरलं, एवढं तिला कळलं.

चहा तसाच राहिला. आत राहिलेली मेंढी आणि कोकरू बाहेर काढलं, फाटक लागलं. जोतिबानं चंद्रीचं दावं सोडलं. ती चालू लागली, आणि सकाळभर हटून बसलेली मेंढरं मुकाट तिच्यामागं निघाली.

खाली रस्त्याला लागल्यावर चंद्री थांबली. इकडं तार, तिकडं तार. तिनं मान वळवून सारजाबाईकडं बघितलं. सारी मेंढरं थांबली.

"कुटं न्यायची गं?" जोतिबा म्हणाला.

सारजाबाईच्या हातात काठी होती. ती कुठल्या बाजूला दाखवावी, तिला सुचेना.