मजकुराची जागा

मुलांच्या पुस्तकांसाठी मी आयुष्यभर काढलेली चित्रं आता एका संग्रहालयाच्या कपाटात आहेत. परवा ती बघायला गेले, तर तिथल्या मुलीने आधी माझ्या हातात पांढरे हातमोजे ठेवले. माझ्याच चित्रांना हात लावायला मोजे! चिडले, पण घातले.

तिने एकेक चित्र टेबलावर मांडलं. कोपऱ्यात छत्री धरलेला बेडूक. अगदी खाली, काठाशी, वाट चुकलेलं कोकरू. वर नुसतं कोरं आभाळ.

"मावशी, तुमच्या चित्रांतले सगळे इतके एकटे का हो?" तिने विचारलं.

मला हसू आलं. "एकटे कुठले गं? वर मजकूर यायचा. छापताना गोष्ट तिथे बसायची, म्हणून जागा सोडायची. आभाळात मी कधी साधा कावळा काढला नाही. त्याच्या पंखांवर शब्द चढायला नकोत म्हणून."

"अच्छा," म्हणत तिने ते लिहून घेतलं.

मी मात्र कोकराकडेच बघत राहिले. पुस्तकात त्याच्या डोक्यावर दोन ओळी होत्या, त्याची आई हाका मारतेय अशा. त्या हाकांसाठीच मी त्याची मान वर केली होती. इथे मान तेवढी वर होती.

घरी येऊन चहा घेतला. मी सोफ्याच्या अगदी कोपऱ्यात बसले आहे, हे कप खाली ठेवताना लक्षात आलं. बाकी सगळी जागा मोकळी. ती सोडायला मला कुणी सांगितलं नव्हतं.