मागण्यासारखं काही नाही

"मग घाल कुलूप कारखान्याला! तुझ्याच हातानं घाल!" इयाकोपो ओरडला, आणि ओरडून झाल्यावर स्वतःच दचकला.

फुआतीनोचा नवरा पेनी स्वयंपाकघराच्या दारात बसून नारळ खवत होता, त्याचा हात थांबला. मुलगी लानुओलानं रेडिओ बारीक केला. भावानं बहिणीवर आवाज चढवायचा नाही, हे सामोआत मुलगा चालायला लागायच्या आधी शिकवतात. घासातला चांगला घास बहिणीला, वादात शेवटचा शब्द बहिणीचा. आणि इयाकोपो काही कुणी सोम्यागोम्या नव्हता. तो गावचा तुलाफाले होता. लग्न असो, मयत असो, चर्चचा पाया असो, गावाच्या वतीनं काठी टेकून बोलायचा मान त्याचा. असा माणूस आपल्या थोरल्या बहिणीवर, फुआतीनोवर, खेकसला होता, तेही तिच्याच घरात, तिच्याच हातचा कोको पिताना.

फुआतीनोनं खोबऱ्याचं दूध पिळता पिळता नुसतं वर पाहिलं.

"झालं ओरडून? मग बस. कोको गार होतोय."

तो बसला, पण मुद्दा सोडला नाही. "तीनो, तुला कळत कसं नाही? दर वाढवा म्हणालात की ते लोक गाशा गुंडाळतील. थायलंडमध्ये बाया तुमच्या निम्म्या पैशात मासा सोलतात. नुसती तुमची टेबलं नाही बंद व्हायची. पेनीची बस कोण भरणार? पहाटेच्या तिन्ही फेऱ्या तुमच्याच बायांच्या. हो की नाही रे?"

"मला मध्ये घेऊ नका," पेनी म्हणाला. "मी नारळ खवतोय."

"बावीस वर्षं मी त्या टेबलाशी उभी आहे," फुआतीनो म्हणाली, "आणि बावीस वर्षं ते उद्या जाणार आहेत. एवढं सामान बांधून ठेवलेला पाहुणा मी दुसरा पाहिला नाही."

"बाजार आहे तो! दुकान त्यांचं, भाव त्यांचा. आणि बोलून होतं काय? गेल्या खेपेला मजुरी ठरवणारी समिती आली तेव्हा मीच बोललो ना तुमच्यासाठी? चांगला पाऊण तास बोललो. म्हातारी माणसं रडली. मिळालं काय? भोपळा!"

"म्हणून तर या खेपेला मी बोलणार."

"घरात तुलाफाले असताना माशाच्या टेबलावरची बाई उठून बोलणार? लोक म्हणतील, इयाकोपोची जीभ कुजली."

"मग तू बोल."

"मी नाही बोलणार."

"मग झालं तर," फुआतीनो म्हणाली आणि चोथा पिळून टाकला.

इयाकोपो काठी घेऊन निघून गेला. कोको तसाच राहिला, तो पेनीनं पिऊन टाकला.

फुआतीनो एकोणीस वर्षांची असताना कारखान्यात लागली. त्या दिवसापासून तिच्या अंगाला माशाचा वास चिकटला तो चिकटलाच. लिंबू झालं, फुलांचं तेल झालं, चर्चमध्ये शेजारची बाई पंखा जरा जोरात हलवायला लागली की तिला कळायचं, आज तेल कमी पडलं. पण त्या वासावरच हे घर उभं होतं. छपराचा पत्रा त्या वासाचा. लानुओलाची शाळा त्या वासाची. इयाकोपोला तुलाफालेचा किताब मिळाला तेव्हा गावाला जेऊ घातलेली अकरा डुकरंसुद्धा त्याच वासाची होती. हे इयाकोपोला माहीत होतं. फुआतीनोनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, अगदी भांडणातही नाही. बहिणीचे उपकार बहिणीनं काढायचे नसतात.

काम म्हटलं तर सोपं. वाफवलेला ट्यूना समोर येतो. डोकं, कातडी, काटा काढायचा. पांढरं मांस माणसांच्या डब्यात, लाल मांस मांजरांच्या डब्यात. सुरी जरा खोल गेली की पांढरं लालमध्ये जातं आणि माणसाचं जेवण मांजर जेवतं. फुआतीनोच्या ताटलीतलं लाल मांस सुपरवायझर चिमटीत धरून पाहायचे, पांढरा कण सापडायचा नाही. नव्या पोरींना तिच्याच शेजारी उभं करायचे. आणि कारखान्याच्या कागदावर तिच्या नावापुढे लिहिलेलं असायचं, 'अकुशल'. तिच्या नावापुढे, आणि काल लागलेल्या पोरीच्याही नावापुढे.

अमेरिकन सरकारची ही समिती दर दोन वर्षांनी हवाईहून विमानानं यायची. तासाला किमान किती द्यायचं, ते ती ठरवायची. दोन दिवस सगळ्यांचं ऐकायची, कागद करायची आणि परत जायची. त्या कागदावरचा आकडा दोन वर्षं दोन हजार बायांच्या पाकिटात बसायचा.

सुनावणी सभागृहात होती. पहिली पाळी सुटल्या सुटल्या बाया तशाच आल्या, पांढऱ्या रबरी बुटांत, केसांच्या जाळ्यांसकट. दाराशी उभ्या असलेल्या साहेबानं नाकाला रुमाल लावला. फुआतीनोची टेबलावरची जोडीदारीण एतेवीसे मोठ्यानं म्हणाली, "लाव बाबा. डबा उघडताना नाही लावत ना कुणी?" बाया फिदीफिदी हसल्या. फुआतीनोच्या हातात एक घडी घातलेला कागद होता. त्यावर दहा ओळी. लानुओलानं त्या इंग्रजीत उतरवून दिल्या होत्या. पायातले बूट तिला एकदम जड वाटायला लागले. मागच्या बाकावर इयाकोपो येऊन बसला होता. बोलायला नाही, नुसता बसायला.

आधी कंपनीचा वकील उठला. हवाईहून आलेला, गोड बोलणारा. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, मजुरी म्हणजे शेवटी किंमत. किंमत बाजार ठरवतो. ती कायद्यानं वर ढकललीत की घेणारा दुसरीकडे जातो, आणि ज्या गरिबांसाठी कायदा केला त्याच गरिबांच्या हातची सुरी पहिल्यांदा सुटते. बायांमध्ये चुळबुळ झाली. भीती खोटी नव्हती. एतेवीसेच्या दोन बहिणी नुकत्याच कामाला लागल्या होत्या. कमी करायचं ठरलं तर त्याच पहिल्या गेल्या असत्या.

"आणि मुळात," वकील म्हणाला, "कामगारांची तक्रारच नाही." त्यानं गेल्या खेपेचा कागद काढला. "त्यांच्याच मुख्य वक्त्याचं हे म्हणणं." त्यानं वाचलं आणि दुभाष्यानं ते पुन्हा सामोअनमध्ये सांगितलं: "आम्ही लहान माणसं आहोत. जे आहे त्यात आम्ही समाधानी आहोत. आमच्याकडे मागण्यासारखं काही नाही."

फुआतीनोनं मागं वळून पाहिलं. इयाकोपोचा चेहरा राखेसारखा झाला होता.

ते शब्द त्याचेच होते. पण कुठले? भाषणाच्या सुरुवातीचे! कुठलाही तुलाफाले कुठल्याही सभेत उठला की आधी स्वतःला धुळीत बसवतो. आम्ही लहान, आमची जीभ जड, आमचे हात रिकामे. ते झाल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही, उघडणारा गावंढळ ठरतो. मागणं येतं शेवटी, तेही आडून, भरतीच्या पाण्याची आणि रिकाम्या होडीची गोष्ट सांगून. दुभाष्यानं सुरुवात शब्दाला शब्द लावून उतरवली होती, आणि होडीच्या गोष्टीपाशी आल्यावर लिहिलं होतं, 'त्यानंतर वक्त्याने समुद्राविषयी काही सांगितले.'

दोन वर्षांचा भोपळा त्या एका ओळीतून निघाला होता. आणि इयाकोपो दोन वर्षं मनात म्हणत होता, बोलून काही होत नाही.

फुआतीनोचं नाव पुकारलं. ती उठली. हातातला कागद तिनं एतेवीसेकडे दिला.

"वाचत नाहीस?" एतेवीसे कुजबुजली.

"हे त्यात नाही."

ती समितीसमोर उभी राहिली. अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, जाड अंगाचे गृहस्थ होते. तिनं त्यांनाच विचारलं, "साहेब, काल आमच्या गावानं तुम्हाला जेवण दिलं. जेवायच्या आधी गावचे मुख्य उठले आणि काय म्हणाले, आठवतं?"

अध्यक्षांनी आठवून पाहिलं. "ते म्हणाले... माफ करा, आज आमच्याकडे काहीच नाही."

"आणि पुढ्यात काय आलं?"

अध्यक्ष हसले. "दोन डुकरं. मासा. टारोचे कंद. पानात भाजलेलं ते खोबऱ्याचं... मी तीनदा घेतलं."

"मग हवाईला गेल्यावर तुम्ही कागदावर काय लिहिणार? गावात काही नव्हतं, आम्ही उपाशी निजलो?"

सगळं सभागृह खदखदलं. दुभाषी खाली मान घालून हसू दाबत होता, त्याचं भाषांतर मागे पडलं, पण अध्यक्ष त्याच्याआधीच हसत होते.

"गेल्या खेपेला जो बोलला तो माझा भाऊ," फुआतीनो म्हणाली. "त्याचं भाषण चांगलं होतं. त्यात काही चुकलं नव्हतं. चुकला तो कागद. तुम्ही आमचा नमस्कार लिहून घेतलात आणि मागणं समुद्रात सोडलंत."

वकील उठायला लागला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तो का कोण जाणे, पुन्हा बसला.

"हे साहेब म्हणतात, मजुरी म्हणजे किंमत. असेल. मी बाजारात टारो विकत घेते, मला किंमत कळते. गेल्या दोन वर्षांत डिझेल महागलं, कंपनीनं भरलं. डब्याचा पत्रा महागला, भरला. होड्यांनी माशाचा भाव चढवला, कुरकुर केली आणि भरला. तेव्हा कुणी थायलंडचं नाव काढलं नाही. हाताची किंमत वाढायची गोष्ट निघाली की मात्र जहाजाचा दोर सुटायला लागतो. बाजार आहे तर सगळ्यांचा असू दे. आमच्याच वेळेला तो असा नाजूक का होतो?"

कुणीतरी टेबलावर हात आपटला. एकीनं सुरू केलं, मग दहाजणींनी.

"आणि मी अकुशल आहे असं लिहिलंय. ठीक आहे. एक मासा आणा. एक सुरी मला द्या, एक या साहेबांना. मांजराच्या ताटलीत कुणाचं पांढरं मांस जास्त जातंय ते मोजा. जे त्यांचं वाया जाईल तेवढंच मला वाढवून द्या."

वकिलानं आपल्या स्वच्छ हातांकडे पाहिलं. मासा कुणी आणला नाही. आणायची गरजही उरली नव्हती.

ती जागेवर जायला वळली, तर मागच्या बाकावर इयाकोपो उभा होता. काठी टेकून, खांद्यावर तुलाफालेचा काथ्याचा झुबका टाकून, अगदी भाषणाच्या थाटात. अध्यक्षांनी मान हलवली. आता पाऊण तास जाणार, म्हणून बस घेऊन आलेल्या पेनीनं दारातल्या दारात बूड टेकलं.

इयाकोपोनं घसा साफ केला.

"आम्हाला वाढ हवी आहे," तो म्हणाला. आणि खाली बसला.

क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. ना लहान माणसं, ना जड जीभ, ना होडी, ना समुद्र. तुलाफालेच्या तोंडून इतकं उघडंनागडं वाक्य त्या बेटावर आजवर कुणी ऐकलं नव्हतं. एका म्हातारीनं लाजून पदराआड तोंड लपवावं तसा हातातला पंखा तोंडापुढे धरला. मग बायांनी एकच गिल्ला केला. रबरी बूट जमिनीवर आपटले. दुभाष्यानं ते चार शब्द अगदी सावकाश, एकेक अक्षर जपून इंग्रजीत सांगितले.

चौथ्या दिवशी आकडा आला. मागितले होते तासाला पंचवीस सेंट, मिळाले अठरा. कारखान्याच्या फाटकावर बातमी लागली तेव्हा पेनीनं भोंगा दाबून धरला तो बंदराला वळसा घालून गावात येईपर्यंत सोडला नाही. बसमध्ये बाया उभ्यानं नाचत होत्या. कारखाना कुठं गेला नाही. एक टेबल बंद केलं. त्यावरच्या सहाजणी महिनाभर घरी बसल्या, त्यात एतेवीसेची धाकटी बहीण होती. बाकीच्यांनी आळीपाळीनं तिच्या घरी टारो पोचवला. मासा भरपूर लागला तसं टेबल पुन्हा मांडलं गेलं. वकील त्याबद्दल काही बोलायला आला नाही.

मात्र मॅनेजरनं फुआतीनोला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. "सुपरवायझर हो," म्हणाला. महिन्याचा पगार, बसून काम, निळी टोपी.

ही बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. रविवारी चर्च सुटल्यावर सगळे जेवायला बसले, तोवर तिच्या पगाराची वाटणीही झाली होती. पेनीला बसचे चार टायर दिसत होते. लानुओलाला होनोलुलूचं कॉलेज. इयाकोपो नेहमीसारखा पाहुण्याच्या जागी बसला नव्हता. तो बहिणीच्या मागं मांडी घालून बसला होता आणि तिच्या ताटावरच्या माश्या पंख्यानं वारत होता. हे काम घरातल्या पोरांचं.

"अरे, तू जेव की," फुआतीनो म्हणाली.

"तुझं होऊ दे," इयाकोपो म्हणाला. "त्या दिवशी मी ओरडलो होतो. हे त्याचं." मग जरा थांबून म्हणाला, "निळी टोपी शोभेल तुला, तीनो. आणि चर्चच्या छपराचं काम अडलंय, ते काही मी मुद्दाम काढत नाही."

"काढलंस की," पेनी म्हणाला. "टायर आधी."

"आई, फॉर्मची तारीख शुक्रवार आहे," लानुओला म्हणाली.

फुआतीनोनं टारोचा तुकडा खोबऱ्याच्या दुधात बुडवला, खाल्ला, बोटं पुसली.

"सुपरवायझर कंपनीचा माणूस असतो. त्याला समितीपुढे उभं राहता येत नाही. उद्या मी मॅनेजरला नको म्हणून सांगणार आहे. मी टेबलावरच राहणार, आणि पुढच्या खेपेला मीच बोलणार. मीठ द्या इकडे."