हिंगाची गुंडी

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये लोखंडी जाळीखाली एक जुनी विहीर आहे. आम्ही सहा बिऱ्हाडं इंदिरानगरात राहायला आलो तेव्हापासून ती कोरडीच होती. मुलांचे चेंडू आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्या, एवढाच तिचा साठा. एका उन्हाळ्यात आमची बोअरवेलही आटली, टँकर सुरू झाले, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी ठराव मांडला: विहीर बुजवायची, वर फरशी घालायची, दोन गाड्यांची जागा होईल.

सेक्रेटरी पुण्याचे, आयटीतले, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. दोन गाड्या असलेलं इमारतीतलं एकमेव घर त्यांचं.

मी म्हटलं, बुजवण्याआधी गच्चीचं पाणी तिच्यात सोडून बघू. हल्ली महिन्याचा पाऊस एका तासात कोसळतो, तो आपण गटारात घालवतो आणि चार दिवसांनी टँकरला फोन करतो.

"ताई, एका गच्चीनं क्लायमेट चेंज थांबणार आहे का?"

"नाही. पण काही टँकर थांबतील."

"बरं. दसऱ्यापर्यंत बघा. पाणी दिसलं तर ठीक, नाहीतर माती."

मी विहिरी साफ करणारे इथलेच एक कानडी अण्णा शोधून काढले. पिढीजात काम त्यांचं. ते आत उतरले, दोन दिवस गाळ काढला, वर येऊन हात पुसत म्हणाले, "अक्का, मोदलु इंगु गुंडी."

माझं कन्नड किराणा दुकानात शिकलेलं. मोदलु म्हणजे आधी. इंगु म्हणजे हिंग, वीस वर्षं मी तो ह्याच नावानं मागते आहे. राहिली गुंडी. मराठीत गुंडी म्हणजे बटण. म्हणजे बटणाएवढा हिंगाचा खडा, असा मी हिशोब लावला. विहिरीची पूजा असेल, किंवा कुबट वासावर उपाय असेल. मी वर जाऊन चांगला वासाचा खडा कागदात बांधून आणला. अण्णांनी पुडी हुंगली, जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि ती खिशात टाकली. मला वाटलं, काम झालं.

मग मी प्लंबर बोलावला आणि गच्चीचा पाइप थेट विहिरीत सोडला.

पहिल्याच जोराच्या सरीनं गच्चीवरची धूळ, सडका पाला आणि कबुतरांची सगळी घाण विहिरीत उतरली. दोन दिवसांत पार्किंगमध्ये नाक धरून चालावं लागलं. सेक्रेटरी जाळीशी वाकून म्हणाले, "पाणी तर दिसतंय, ताई. मॉस्किटो पण दिसतायत." दसऱ्याची वाट कशाला बघायची, असंही कोणीतरी जिन्यात बोललं. मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं.

अण्णांना परत बोलावलं. त्यांनी पाइप पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अक्का, इंगु गुंडी एल्ली?" एल्ली म्हणजे कुठे आहे.

"अहो, दिली की तुम्हाला. कागदात बांधून."

ते इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं. त्या हिंगाचं त्यांच्या घरी सारू, म्हणजे आपलं सार, झालं होतं. उत्तम झालं होतं, म्हणाले. मग त्यांनी मग्यात पाणी घेतलं, कुंडीतल्या मातीवर ओतलं आणि ते मुरेपर्यंत बोट तिथेच रोखून धरलं. "इंगितु," ते म्हणाले. मुरलं. इंगु म्हणजे मुरणं. आणि गुंडी म्हणजे खड्डा. आधी मुरण्याचा खड्डा, दगड-वाळू भरलेला. त्यातून पाणी गाळून विहिरीत. माणसानं तीन शब्दांत सगळी योजना सांगितली होती आणि मी त्याला फोडणीचं सामान दिलं होतं.

लाज वाटली, पण लाजेत वेळ घालवण्यासारखं नव्हतं. सप्टेंबरचे पाऊस हातात होते. विहीर उपसून पुन्हा साफ करवली. खड्ड्याला जागा कोणी देईना, तेव्हा माझ्या स्कूटरची जागा दिली आणि स्कूटर रस्त्यावर लावायला लागले. खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू. पावसाआधी गच्ची झाडायचं काम मी स्वतःकडे घेतलं. पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडायची तोटी बसवली. ती कधी उघडायची, कधी बंद करायची हे भिंतीवर चार भाषांत लिहिलं. खड्ड्याला इमारतीत नाव पडलं ते मात्र मराठीच, हिंगाची गुंडी.

दसऱ्यानंतरच्या रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. मी भाषण केलं नाही. दोरीला बादली बांधली, विहिरीत सोडली आणि वर आलेलं पाणी सगळ्यांसमोर ठेवलं. नितळ होतं. पिण्याचं नव्हे, पण फरशा, गाड्या, झाडं यांना भरपूर. बोअरवेल जिवंत झाली नाही, खोटं कशाला सांगू. पण त्या महिन्यात टँकर निम्मे आले होते. विहीर ठेवायची, असं चार घरं म्हणाली. दोन नाही म्हणाली.

नाही म्हणणाऱ्यांत सेक्रेटरी होते. लोक पांगले तरी ते बादलीशी उभेच. बोट बुडवून पाहिलं, मग वर बघत म्हणाले, "ताई, गच्चीच्या मागच्या बाजूचा पाइप अजून गटारातच जातोय ना?"

"हो. तिथेही गुंडी खोदता येईल. जागा एकच आहे."

"कुठली?"

"तुमची दुसरी गाडी उभी आहे ती."

त्यांनी गाडीकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. "किती दिवस लागतील?"

"चार," मी म्हटलं आणि अण्णांना फोन लावला.