येऊन राह्यलं

पुष्पाबाईंना शाळेत नोकरी लागली ती दिराच्या मेहेरबानीने. निदान दीर, रंगराव, गावभर तसं सांगत. नवरा गेल्यावर चूल आणि गोठा एवढंच बाईंचं जग उरलं होतं. त्यात नव्या जिल्हा परिषदेला पिंपळगाव राजाच्या पहिलीसाठी बाई हवी झाली, आणि सातवी पास बाई गावात ही एकच. "कायम झाली तं ठीक, नाई तं वर्षानं घरी बसाचं," असं रंगरावांनी बजावलं. म्हणजे दार उघडलं होतं, पण कडी त्यांच्याच हातात.

पहिलीतली पोरं वांड नव्हती, कच खाणारी होती. अक्षर चुकलं की पाटी पालथी. उकंडरावांची अन्नपूर्णा तर "मले नाई येत" म्हणून भोकाड पसरायची आणि बाकीची फिदीफिदी हसायची. बाईंनी दोन नियम केले. रडणाऱ्याला हसायचं नाही, त्याच्याजवळ जाऊन बसायचं. आणि "नाई येत" हे वर्गात बोलायचंच नाही, म्हणायचं, "येऊन राह्यलं," म्हणजे येऊ लागलंय.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण अन्नपूर्णा 'ळ' पुसून पुसून पुन्हा काढू लागली, आणि शेजारची पोरगी तिच्या पाठीवर हात ठेवून बसू लागली. बाईंना शाळा सुटूच नये असं वाटे.

फाल्गुनात तपासणीला डिप्टीसाहेब आले. पुण्याकडचे, माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्यांनी अन्नपूर्णेला विचारलं, पाढे येतात का?

"येऊन राह्यले," ती ताठ उभी राहून म्हणाली.

साहेबांनी आणखी चौघांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर तेच.

"सगळ्यांचेच राहिले? मग बाई, वर्षभर केलंत काय?"

इथे जे येऊ लागलं होतं, ते साहेबांच्या कानी यायचंच राहून गेलं होतं. बाईंना एवढंच समजावायचं होतं. पण साहेबांपुढे गावंढळ बोललात तर नोकरी विसरा, असा दम हेडमास्तर गुलाबरावांनी आदल्या दिवशीच दिला होता. बाईंच्या तोंडात एक शुद्ध वाक्य जुळेना. गुलाबरावांना सगळं कळलं होतं, तेही याच मातीतले; पण ते आपल्या बुटांकडे पाहत राहिले. याला मी भित्रेपणाच म्हणते.

शेरा पडला: पाढे राहिले आहेत, भाषा अशुद्ध, बाईंना तूर्त कायम करू नये, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. रंगरावांनी तेवढीच मुदत दिली, वर उपकार केल्यासारखी. गुलाबरावांनी फर्मावलं की यापुढे उत्तर एक तर 'येतं' नाही तर 'येत नाही'. मधलं काही नको.

बाईंनी पोरांकडून ते घोकून घेतलं. दुसरं करणार काय? सांगताना त्यांना स्वतःचाच संताप येत होता.

आठवड्याने 'क्ष' काढताना अन्नपूर्णेचा हात थांबला. तिने दोनदा पुसलं, मग पेन्सिल खाली ठेवली. रडली नाही. उभी राहून म्हणाली, "मला येत नाही, बाई."

'मला' अगदी स्वच्छ आला होता. गुलाबराव दारात उभे होते. पुष्पाबाईंनी तिला शाब्बास म्हटलं.